मिशाळीचा डबा

जगात जे जे म्हणून उगवतं ते सगळं आपल्याला विचारून उगवतं, अशी माझ्या चुलतसासऱ्यांची पक्की समजूत आहे. आणि जे जे मरतं ते माझ्यामुळे मरतं, अशी त्याहून पक्की. पहिल्या समजुतीबद्दल मला काही बोलायचं नाही. दुसरीबद्दल मी सुरुवातीला वाद घालायचो, पण आता घालत नाही, कारण सगळा पुरावा त्यांच्या बाजूने आहे आणि तो मीच वेळोवेळी पुरवलेला आहे.

चुलतसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे काका. राहायला डोंबिवलीत, दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत शहात्तर कुंड्या आणि घरात एक माणूस. काकू गेल्यापासून कुंड्या वाढल्या, असं बायको म्हणते. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी आयुष्यभर नकाशे काढले, त्यामुळे पेन्सिल अजून कानावर असते. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडायला गेलो, तेव्हा ठाण्याहून चांगला गुलाबांचा बुके घेऊन गेलो होतो. काकांनी तो हातात घेतला, खुर्चीत बसले आणि शस्त्रक्रिया करावी तसा उलगडायला लागले. प्लास्टिकचा कागद वेगळा, रिबीन वेगळी, रबरबँड वेगळा, टाचण्या वेगळ्या. मग तो सगळा ऐवज नीट घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘‘जावईबापू, हे तुमचं. जाताना न्या.’’ गुलाबाच्या काड्या मात्र त्यांनी तिथल्या तिथे मातीत खोचल्या. त्यांतल्या दोन लागल्या. ते गुलाब आजही त्या गॅलरीत आहेत आणि मी गेलो की दर वेळी माझी त्यांच्याशी नव्याने ओळख करून दिली जायची. ‘‘हे जावईबापू. यांनीच तुम्हाला रबरबँडने बांधून आणलं होतं.’’

‘जावईबापू’ आणि ‘अहोजाहो’ त्यांनी वर्षानुवर्षं सोडलं नाही. सासरच्या इतर मंडळींच्या तोंडी त्यात मान असतो. काकांच्या तोंडी तो शब्द ऐकला की मला आपण शाळेत अंगठे धरून उभे आहोत असं वाटायचं. तरी एक गोष्ट खरी, की मला त्यांच्याबरोबर फिरायला आवडायचं. त्यांना कुठेही न्या, वेळ जातो. एकदा घोडबंदर रोडवर माझ्या गाडीतून जात होतो. जाम लागला होता. काकांचं लक्ष दुभाजकाच्या फटीत उगवलेल्या उंबराच्या रोपाकडे गेलं. दार उघडून ते उतरले, किल्लीच्या टोकाने सिमेंट खरवडून रोप मुळासकट सोडवलं, रस्ता ओलांडून एका चहाच्या टपरीवर गेले, तिथून बिस्किटांचा रिकामा डबा मागून आणला, रोप त्यात बसवलं, चहावाल्याला उंबराविषयी चार गोष्टी सांगितल्या आणि परत आले, तरी माझी गाडी तिथेच होती. वर मलाच म्हणाले, ‘‘बघा, तुम्ही उगाच हॉर्न वाजवत बसला होतात.’’ लग्नाच्या पंगतीत ते आमरसाच्या टोपाशी उभे राहून आचाऱ्याकडून कोयी मागून घेतात. आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीने हौसेने लॉन लावलं तेव्हा उद्घाटनाला त्यांना मी मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी त्याला ‘हिरवी फरशी’ म्हटलं, सेक्रेटरींच्या तोंडावर. पुढे सहा महिने सेक्रेटरी माझ्याशी लिफ्टमध्ये बोलत नव्हते.

या काकांनीच दहाबारा कुटुंबांना गोळा करून आंबिवलीच्या पुढे, रिक्षा जिथपर्यंत जाते त्याच्याही पुढे, थोडी जमीन घेतली. ठाण्याचे, डोंबिवलीचे, कल्याणचे लोक. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी कॉम्प्युटरवर. आम्ही तिला ‘शिवार’ म्हणतो. दर शनिवार-रविवारी जायचं, जुन्या वाणांचं भात लावायचं, ओढ्याकाठची झाडं राखायची, रसायनाचा थेंब वापरायचा नाही. नियम सगळे काकांचे. खाचरात चपला घालायच्या नाहीत. सापाला आधी जाऊ द्यायचं, ‘‘तो इथला आहे, आपण पाहुणे.’’ कुठलंही रोप उपटण्याआधी त्याचं नाव सांगायचं. नाव येत नसेल तर उपटायचा अधिकार नाही. या नियमामुळे माझ्या वाट्याच्या वाफ्यात सगळ्यात जास्त गवत असायचं. आणि शिवारात येताना प्लास्टिकची पिशवी आणायची नाही. फाटकाशी काका स्वतः उभे राहून झडती घेत. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई, आमच्याच वर्तकनगरच्या, त्यांच्या पर्समधून त्यांनी एकदा श्रीखंडाच्या गोळीचा कागद काढला होता. बाई अजून त्या गोळीविषयी हळू आवाजात बोलतात.

मी शिवारात का गेलो, हे खरं सांगायचं तर निसर्गप्रेमाने नव्हे, फोटोंसाठी. खांद्यावर कुदळ, पायाला चिखल, मागे डोंगर, असा एक फोटो स्टेटसला टाकला की सोमवारी ऑफिसात लोक वेगळ्या नजरेने बघतात. कुदळ मी फोटोपुरतीच उचलायचो. ‘‘आमची शेती’’, ‘‘आमचं भात’’, ‘‘आमच्याकडे युरिया चालत नाही’’ ही वाक्यं मी एसीच्या गारव्यात इतक्या वेळा म्हणालो होतो की माझा स्वतःचा त्यांच्यावर विश्वास बसला होता.

शिवारात एक पद्धत आहे. कापणी-झोडणी झाली की खायचं भात गोणीतून ज्याचं त्याला वाटतात आणि बियाणं वेगळं काढतात. शेडमध्ये उंदीर आणि ओल, म्हणून बियाणं तिथे ठेवत नाहीत. एकेका कुटुंबाकडे एकेका वाणाचा पत्र्याचा डबा सांभाळायला देतात, आत राख आणि कडुनिंबाचा पाला घालून. मे महिन्याच्या शेवटी सगळ्यांनी आपापले डबे घेऊन यायचं. प्रत्येक वाण दोन घरांत ठेवायचं, म्हणजे एका घरी काही झालं तरी दुसरीकडे राहील. ‘एका घरी काही झालं तर’ असं म्हणताना काका माझ्याकडे बघायचे.

तशीच दुसरी पद्धत नवं बांधायची. दसऱ्याच्या सुमाराला नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, कुरडूचं फूल असं सुतळीने एकत्र बांधून दाराला लावायचं. कोकणातल्या आपल्या गावी हे सगळ्यांनी लहानपणी पाहिलेलं; पण ठाण्यात विसाव्या मजल्यावर ते लावायला काका जातीने जात, बारा घरी, बरोबर स्वतःचं स्टूल घेऊन. घोडबंदर रोडच्या टॉवरच्या वॉचमनने एकदा त्यांना ‘‘कौन सी कंपनी से?’’ विचारलं. काकांनी रजिस्टरमध्ये ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं : नवं बांधणे. वॉचमनने ते इंटरकॉमवर वर कळवलं आणि वरच्यांना वाटलं केबलवाला आलाय.

आता मिशाळ. मिशाळ हे भाताचं एक जुनं वाण. याच्या प्रत्येक दाण्याला बोटभर लांब कुसळ असतं, त्यामुळे लोंबीला मिश्या फुटल्यासारख्या दिसतात. शिवारापलीकडच्या गावातल्या एका म्हातारीने काकांना ते पदराच्या गाठीतून मूठभर दिलं होतं. ‘‘माजे सासूचा हाय,’’ म्हणाली होती. ती म्हातारी आता नाही, तिच्या खाचरावर गोदाम उभं आहे. काकांनी बांधाच्या कडेला एका लहानशा तुकड्यात मिशाळ जगवली. पोपट तिच्यावर तुटून पडत, पीक थोडंच हाती लागे. दोन डबे बियाणं राखून जे उरेल ते काका मूठ मूठ करून ओळखीच्या शेतकऱ्यांना देत, त्यांनीही लावावं म्हणून. त्यांतल्या कुणी टिकवली नाही.

त्या वर्षी मिशाळीचा एक डबा काकांनी मला दिला. देताना बराच वेळ ते काहीतरी समजावून सांगत होते. मी मान डोलवत होतो, कारण माझ्या खिशातल्या फोनवर मॅचचं शेवटचं षटक चालू होतं आणि कानात एक बारीकशी वायर होती. माझ्या ध्यानात राहिलं ते एवढंच, की ‘‘पोटच्या पोरासारखं जपा.’’ खायच्या भाताची गोणी तर मिळालीच होती. वर हा वेगळा, छानसा, झाकणाचा डबा. मी आपला अर्थ लावला, की हा खास माल, घरच्या जावयासाठी. लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर का होईना, काकांना माझी किंमत कळली. मिशाळीचा दुसरा डबा घोडबंदर रोडच्या एका तरुण जोडप्याकडे होता. फेब्रुवारीत त्यांची बदली बंगलोरला झाली, तेव्हा जाताना तेही आपला डबा माझ्याकडे देऊन गेले. ‘‘काका बोलले तुमच्याकडे सेम आहे, सो तुम्हीच ठेवा.’’ माझी छाती आणखी फुगली.

एप्रिलमध्ये ऑफिसातल्या लोकांना मी जेवायला बोलावलं. बोलावलं म्हणजे, आमच्या तांदळाविषयी इतकं बोललो होतो की साहेबच म्हणाले, ‘‘अरे, एकदा खिलव तरी.’’ गोणीतला तांदूळ तोवर संपत आला होता. मी दोन्ही डबे काढले. बायकोने विचारलं, ‘‘अहो, हे बियाणं नाही ना?’’ मी हसलो. म्हटलं, ‘‘अगं, बियाणं एवढं निवडक कुठे असतं? हे स्पेशल आहे.’’ आणि एरवी कोपऱ्यावरून दूध आणायला कुरकुरणारा मी, ते भात गाडीत घालून आंबिवलीपलीकडच्या गिरणीपर्यंत गेलो, रांगेत उभा राहिलो आणि सगळं सडून आणलं. गिरणीवाला म्हणाला, ‘‘मिश्यावाला भात लय दिवसांनी बघितला.’’ मी त्याला म्हणालो, ‘‘आमच्याकडे असतो.’’

पाहुण्यांची मुलं होती, त्यांना साधा भात नको होता, म्हणून बायकोने त्याचा शेझवान राइस केला. वर मंचुरियन. मी मध्यभागी उभा राहून जुन्या वाणांवर पंधरा मिनिटं बोललो. साहेब म्हणाले, ‘‘वेगळाच लागतो हां. ऑर्गॅनिक म्हणून असेल.’’ तो वेगळेपणा तळावपाळीजवळच्या एका दुकानातल्या चटणीच्या बाटलीचा होता. उरलेल्या तांदळाच्या मी अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पुड्या बांधून पाहुण्यांना दिल्या. घरी दाणासुद्धा ठेवला नाही. माझं दातृत्व असं भलत्याच वेळी उफाळून येतं.

मेच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघं शिवारात गेलो. शेडमध्ये सतरंजीवर डबे ओळीने मांडलेले. काका एकेक झाकण उघडत होते, वास घेत होते, एक दाणा दाताखाली धरून चावून बघत होते आणि वहीत टिक करत होते. मी हापूसची पेटी घेऊन गेलो होतो. ‘‘या जावईबापू,’’ काका म्हणाले, ‘‘मिशाळ कुठे ठेवलीत? गाडीत?’’

मी अगदी मोकळेपणाने म्हणालो, ‘‘काका, ती संपली की. फार छान होती.’’

बँकेतल्या बाईंच्या हातातलं झाकण खाली पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. माझ्या बायकोने माझ्याकडे जे पाहिलं, ते लिहिण्यासारखं नाही. काका हळूच खाली बसले. पेन्सिल कानावरून काढून त्यांनी वहीत ठेवली.

‘‘सगळी?’’

‘‘हो.’’

‘‘दोन्ही डबे?’’

‘‘हो, काका.’’

मला वाटलं आता ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्याऐवजी, लहान मूल विचारतं तसं, त्यांनी विचारलं, ‘‘चव कशी होती रे?’’

एकवीस वर्षांत पहिल्यांदाच ते मला ‘रे’ म्हणाले. आणि मग कळलं, की काकांनी मिशाळ कधी खाल्लेलीच नव्हती. अकरा वर्षं लावली, राखली, वाटली. पण दाणे कमी म्हणून तोंडात कधी घातली नाही. पुढच्या वर्षी जरा जास्त झाली की खाऊ, असं म्हणत राहिले. मिशाळीचा भात खाल्लेली जगातली शेवटची माणसं म्हणजे मी, माझी बायको, आमचे साहेब, ऑफिसातली मंडळी आणि त्यांची मुलं. आणि मला चव सांगता येईना. चटणीच सांगता आली असती. ‘‘शेझवान केला होता,’’ मी म्हणालो. काकांनी तो शब्द ऐकला, मान हलवली आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

त्या दिवशी परत येताना गाडीत वाटली तितकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि प्रसंग कमी आलेत असं नाही. घरी पोचलो, कुलूप उघडायला वाकलो आणि नेहमीप्रमाणे कानाला टोचलं. दसऱ्याला काकांनी बांधलेलं नवं दारावर अजून लटकत होतं. त्याची कुसळं सात-आठ महिने मला टोचत होती. मी दोनदा कात्रीने ती छाटलीही होती आणि ‘‘हे काढून टाकू या’’ असं दहादा म्हणालो होतो. आळसाने राहून गेलं होतं. आंब्याचं पान काळं पडलेलं, कुरडू झडलेला, पण लोंब्या होत्या. बायकोने दिवा लावला, मी चष्मा पुसला. दोघांच्याही तोंडून एकदम निघालं, ‘‘मिशाळ.’’

काकांनी शोभेला सगळ्यांच्याच नव्यात या मिश्यांच्या लोंब्या घातल्या होत्या, म्हणून पुढचे दोन दिवस मी रजा काढून बारा दारं फिरलो, काकांचंच स्टूल घेऊन. रजिस्टरमध्ये ‘कामाचे स्वरूप’ समोर काय लिहावं कळेना, म्हणून ‘नवं सोडवणे’ लिहिलं. विसाव्या मजल्यावर चिमण्यांनी टरफलं ठेवली होती. एका घरी साफसफाईवाल्या बाईने कधीच झाडून टाकलं होतं. एका हौशी वहिनींनी दिवाळीत लोंब्यांवर सोनेरी रंगाचा फवारा मारून त्या काचेच्या बरणीत ठेवल्या होत्या. त्यांनी त्या मोठ्या मनाने दिल्या, पण सोन्याचं भात उगवत नाही. बंगलोरला गेलेल्यांच्या दारावर नवीन भाडेकरूंचं तोरण होतं. मात्र कल्याणच्या एका शाळामास्तरांनी देव्हाऱ्यात फोटोमागे सगळी जुडी जपून ठेवली होती आणि बँकेतल्या बाईंकडे निम्मीअर्धी होती. सगळं मिळून एक आमटीची वाटी भरली, तीही शिगोशीग नाही.

ती वाटी घेऊन मी डोंबिवलीला गेलो. काकांनी दाणे पांढऱ्या रुमालावर पसरले, कानावरची पेन्सिल काढून तिच्या टोकाने एकेक बाजूला सारत मोजले, पोचट वेगळे केले. मग ओल्या फडक्यात बांधून ठेवले. चौथ्या दिवशी मला फोन आला. ‘‘निम्म्यांना मोड आलेत,’’ काका म्हणाले. मी म्हटलं, ‘‘मग काका, या वर्षी डबा भरेल?’’ ‘‘तीन वर्षं लागतील,’’ ते म्हणाले. ‘‘मी अठ्ठ्याहत्तरचा आहे. माझा काही एवढं थांबायचा विचार नव्हता. तुझ्यामुळे आता थांबावं लागणार.’’ जावईबापू संपला होता तो संपलाच. तेव्हापासून मी ‘तू’ झालो, आणि खरं सांगतो, सासरवाडीत मला इतका मान पूर्वी कधी मिळाला नव्हता.

ती तीन वर्षं मी बुजगावणं होतो. हे मी अलंकारिक म्हणत नाही. काकांनी तशी नेमणूक केली होती. मिशाळीचा तुकडा पोपटांपासून राखायला सप्टेंबरपासून दर शनिवार-रविवारी मी बांधावर उभा राहून पत्र्याचा डबा वाजवायचा. रिकामा झालेला तोच मिशाळीचा डबा. कानात वायर घालायची नाही. पलीकडच्या शेतातला म्हातारा जाता-येता थांबायचा. ‘‘काय रं जावया, आख्खा बियाना खाल्लास?’’ मी हो म्हणायचो. ‘‘पाखरा तरी भितान का तुला?’’ म्हणून तो हसत पुढे जायचा. पाखरं सुरुवातीला भीत नव्हती. काका माझ्याशेजारी स्टुलावर बसून माझ्याकडून प्रत्येक गवताचं नाव घोकून घ्यायचे आणि मधेच कोपराने ढोसायचे, ‘‘अरे वाजव, वाजव!’’ त्या बांधावर बसून त्यांनी मला काकूंविषयी सांगितलं. काकूंना गॅलरीत एकही कुंडी नको होती, खोकल्याची ढास लागते म्हणायच्या. त्या गेल्यावर त्यांच्या वाट्याची जागा रिकामी दिसायला लागली म्हणून काकांनी पहिली कुंडी आणली. मी डबा वाजवायचा विसरलो, आणि त्या वेळी त्यांनी मला ढोसलं नाही.

तिसऱ्या वर्षी तीन डबे भरले आणि वर दोन शेर भात उरलं. काका म्हणाले, ‘‘आता खायला हरकत नाही.’’ बायकोने डोंबिवलीच्या त्यांच्या घरीच भात केला. साधा, वर तूप-मीठ. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. काकांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, सावकाश चावला. ‘‘कसा आहे?’’ मी विचारलं. त्यांनी डोळे उघडले. ‘‘साधाच आहे की रे,’’ ते म्हणाले. ‘‘अगदी साधा भात आहे.’’ आणि एरवी वाटीने मोजून जेवणारा हा माणूस त्या दिवशी तीनदा भात घेऊन जेवला.

मला वाटलं होतं, आता सगळं सुखाने चालेल. पण त्यानंतर काका शिवारात यायचे कमी झाले. गुडघे दुखतात म्हणायचे. गॅलरीतल्या काही कुंड्या वाळल्या. फोन केला तर ‘‘बरं आहे’’ एवढंच. एकदा म्हणाले, ‘‘आता काय, माझी मुदत संपली. तुझं काम झालं.’’ मी हसण्यावारी नेलं. मग एक दिवस त्यांच्यासाठी भाजी घेऊन गेलो. घाईत होतो, भाजीवाल्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली ती तशीच नेली. दारात आठवलं, पण तोवर काकांनी दार उघडलं होतं. काकांनी पिशवी पाहिली, बाजूला ठेवली आणि म्हणाले, ‘‘ठेव तिथे.’’ बस्स. झडती नाही, भाषण नाही. त्या पिशवीने मला जी भीती घातली ती कुठल्या डॉक्टरच्या रिपोर्टने घातली नसती. मला हा माणूस हवा आहे, हे मला तेव्हा अगदी सरळ कळलं. मला शाळेतल्यासारखा उभा करणारा, रबरबँड परत देणारा तोच हवा आहे.

या मेमध्ये, डबे आणायच्या दिवसाच्या आदल्या आठवड्यात, मी पुन्हा डोंबिवलीला गेलो. या वर्षी माझ्याकडे काळ्या टरफलाच्या एका जुन्या वाणाचा डबा सांभाळायला होता. हाताची घडी घालून, पांघरूण घेऊन पडलेल्या काकांच्या पलंगासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, ‘‘काका, घोटाळा झाला. पाहुणे आले होते. काळं भात संपलं. दुसऱ्या घरचंसुद्धा माझ्याकडेच होतं.’’ दोन्ही डबे त्या वेळी वर्तकनगरला बँकेतल्या बाईंच्या पलंगाखाली होते, झाकणं घट्ट लावून. बाई या कटात आनंदाने सामील झाल्या होत्या. श्रीखंडाच्या गोळीपासून त्या अशा संधीची वाट बघत होत्या.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

‘‘सगळं?’’

‘‘एवढं उरलंय.’’ मी रुमालातली मूठभर दाण्यांची पुरचुंडी सोडली. त्यांनी एक दाणा उचलला, नखाने खरवडला, दाताखाली धरला. खोटं बोलायची मला सवय आहे, पण बियाण्याबाबतीत काकांशी नाही.

‘‘चव कशी होती?’’

या वेळी मी तयारी करून गेलो होतो. ‘‘गोडसर. शेवटी जराशी धुरकट. मऊ शिजतो, पण चिकटत नाही.’’

‘‘शेझवान नाही ना केलास?’’

‘‘नाही, काका. साधाच.’’

त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. पांघरूण बाजूला करून ते पलंगावर उठून बसले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. बायको म्हणते, त्यांना पहिल्या वाक्यातच कळलं असणार. मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही.

‘‘म्हणजे पुन्हा तीन वर्षं,’’ काका म्हणाले.

‘‘निदान तीन.’’

‘‘फार राबवतोस रे मला.’’ त्यांनी कानावर हात नेला, पेन्सिल नव्हती. उशीखाली चाचपून ती शोधून काढली आणि कानावर ठेवली. मग त्यांची नजर माझ्या पायांशी गेली. तिथे मी मुद्दाम प्लास्टिकच्या पिशवीतून आणलेले टोमॅटो होते.

‘‘आणि ती पिशवी आधी घराबाहेर ने,’’ काका ओरडले. ‘‘इतकी वर्षं झाली, अक्कल कशी येत नाही तुला?’’

मी पिशवी उचलून बाहेर गेलो आणि जिन्यात थोडा वेळ तसाच उभा राहिलो.